एकाची सर्दी, घराला वर्दी
(साक्षरता वर्गात झालेले भाषण)



पावसाळा लागला की घरोघर खोकला ऐकू येतो. थंडीतही तेच. आपण म्हणतो, "सर्दीनं काय व्हायचंय? औषध घेतलं तर सात दिवस, नाही घेतलं तर आठवडा." साध्या सर्दीचे ते खरे आहे. पण फ्ल्यू म्हणजे साधी सर्दी नव्हे. त्यात एकाएकी ताप भरतो. अंग मोडून येते. डोके ठणकते. धडधाकट माणूस बहुधा त्यातून उठतो. पण तान्हे मूल, म्हातारे माणूस, गरोदर बाई, दमेकरी, मधुमेही यांना तो जड जातो.

१९१८ साली फ्ल्यूची साथ मुंबई बंदरातून आली आणि देशभर पसरली. लोक तिला मानमोडी म्हणत. आपल्या देशात १ कोटीहून अधिक माणसे दगावली, असा अंदाज आहे. २००९ साली स्वाइन फ्ल्यू आला, तेव्हा पुण्यातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

हा रोग पसरतो कसा? माणूस खोकतो, शिंकतो, बोलतो तेव्हा तोंडातून बारीक तुषार उडतात. त्यांत जंतू असतात. ते जवळच्या माणसाच्या श्वासाबरोबर आत जातात. शिवाय नाक पुसलेल्या हाताने आपण पेला उचलतो, दाराची कडी लावतो, मोबाइल दुसऱ्याला देतो. दुसरा तोच हात नाकाडोळ्यांना लावतो. झाले, जंतू आत शिरला! ताप यायच्या एक दिवस आधीपासून रोगी दुसऱ्याला रोग देऊ शकतो. पुढे ५ ते ७ दिवस देत राहतो.

आता आमची एक चूक सांगतो. आम्ही मुख्याध्यापक होतो. वर्षभरात एकही दिवस न चुकवणाऱ्या मुलाला आम्ही बक्षीस देत असू. एका पावसाळ्यात चौथीतला एक मुलगा अंगात ताप घेऊन शाळेत आला. आम्ही "शाब्बास" म्हणून त्याची पाठ थोपटली. वर्गात पाण्याचा एक माठ, त्यावर एकच पेला. आठवडा झाला नाही तोच निम्मा वर्ग रिकामा! एका मुलीने तो ताप घरी नेला. तिच्या पाच महिन्यांच्या भावाला न्यूमोनिया झाला. रात्रीच त्याला तालुक्याला न्यावे लागले. पोर वाचले. पण त्याची आई आम्हाला म्हणाली, "गुरुजी, त्या पोराला दोन दिस घरी का नाही धाडलं?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते बक्षीस आम्ही त्याच वर्षी बंद केले.

मग करायचे काय?

शिंक आली तर तोंडावर रुमाल धरा. रुमाल नसेल तर कोपराच्या बाकात शिंका. तळहातावर नको. नाक पुसलेल्या पदराने लेकराचे तोंड पुसू नका.

हात साबणाने धुवा. फ्ल्यूच्या जंतूभोवती चरबीचे पातळ कवच असते. साबण ते फोडतो. सावकाश २० आकडे मोजेपर्यंत हात चोळा.

आजाऱ्याचा पेला, टॉवेल, अंथरूण वेगळे ठेवा. खिडकी उघडी ठेवा. माठाला लांब दांड्याचे ओगराळे ठेवा.

ताप उतरून पुरता एक दिवस जाईपर्यंत शाळा, बाजार, लग्न, कीर्तन नको. हातावर पोट असलेल्याला घरी बसणे परवडत नाही, हे आम्ही जाणतो. त्याने निदान तोंडाला मास्क बांधावा आणि तान्ह्या मुलापासून दूर निजावे.

दुकानातून मनाने अँटिबायोटिक गोळ्या आणू नका. फ्ल्यूच्या विषाणूवर त्या चालत नाहीत. फ्ल्यूची लस मात्र आहे. ती दरवर्षी घ्यावी लागते. घरात म्हातारे किंवा आजारी माणूस असेल तर डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारा.

धाप लागली, ओठ निळे पडले, माणूस ग्लानीत गेला, मूल दूध पीत नाही, असे दिसले तर वाट पाहू नका. तडक दवाखाना गाठा. १०८ वर फोन करा.

मंडळी, आज घरी गेल्यावर हा धडा मोठ्याने वाचून दाखवा. आम्हाला जे त्या माउलीने शिकवले, ते तुम्हाला कुणाचे पोर आजारी पडण्याआधीच कळावे, एवढेच आमचे मागणे आहे.