डॉ. जगदीश भगवती : व्यापारशास्त्राचे आचार्य

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



मालाची आवक वाढली की भाव उतरतो, हे व्यापाऱ्याच्या मुलास निराळे शिकवावे लागत नाही. हाच नियम संपूर्ण राष्ट्रास लागू पडला तर? निर्यातीच्या मालाचे उत्पादन अतोनात वाढून जगात त्याचा भाव कोसळला, तर अधिक पिकवूनही राष्ट्र पूर्वीपेक्षा गरीब होऊ शकते, असे १९५८ साली पंचविशीही न गाठलेल्या एका भारतीय तरुणाने गणिताने सिद्ध केले. ते डॉ. जगदीश भगवती.

२६ जुलै १९३४ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. सिडनहॅम महाविद्यालय, केंब्रिज आणि अमेरिकेतील एमआयटी अशा पायऱ्या चढून ते स्वदेशी परतले. १९६२ पासून दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी अध्यापन केले. १९६८ मध्ये ते एमआयटीत आणि १९८० मध्ये कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक म्हणून गेले.

१९७० साली पत्नी पद्मा देसाई यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी भारतातील परवाना पद्धती व आयातनियंत्रणे यांवर कठोर टीका केली. त्या काळी हे मत प्रवाहाविरुद्ध होते. बहुतांश उद्योगांची परवान्यांतून सुटका होण्यास १९९१ साल उजाडावे लागले. २००० साली भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण देऊन गौरविले.

परंतु त्यांचे मोठेपण आणखी एका प्रसंगात दिसते. १९७१ मध्ये त्यांनी आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्रास वाहिलेले नियतकालिक सुरू केले. एमआयटीतील त्यांचे विद्यार्थी पॉल क्रुगमन यांनी तेथे एक निबंध पाठविला. सारख्याच परिस्थितीतील देशही मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाच्या लाभामुळे परस्परांशी व्यापार करतात, असे त्याचे प्रतिपादन होते. परीक्षकांचे अभिप्राय प्रतिकूल आले. संपादक भगवतींनी मात्र निबंध स्वतः पारखला आणि १९७९ मध्ये प्रसिद्ध केला. २००८ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक एकट्या क्रुगमन यांना मिळाले, त्यात या निबंधाचा मोठा वाटा होता. त्या वर्षीच्या मानकऱ्यांत गुरूंचे नाव नव्हते.

बंधूंनो, आपल्या पेढ्यांवरही पुढची पिढी नवी रीत घेऊन उभी राहते. चारचौघांनी नापसंत केली, एवढ्यावरून ती परत करू नये. माल स्वतः पारखावा, मगच निर्णय द्यावा.