हात कामात, कान मोकळे

आम्ही मुंबईतल्या रे रोडच्या बचत गटातल्या बायका. आमचं स्टेशन हार्बर लाइनवर, शेजारी दारूखाना. तिथं जुनी जहाजं तोडायची आणि भंगार लोखंडाची कामं चालतात, त्यामुळे दिवसभर कानावर ठोकाठोकीच. घर म्हणजे दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा. टीव्ही एकच, आणि मॅच असली की रिमोट कुणाकडे असतो ते तुम्हाला सांगायला नको.

मालिका आम्हीही बघायचो. पण खरं सांगा, किती जणी समोर बसून बघता? पोळ्या लाटताना टीव्हीकडे पाठच असते. कानावर पडेल तेवढीच मालिका. मग जे ऐकण्यासाठीच केलेलं असतं ते का ऐकू नये, असा विषय गटात निघाला आणि आम्ही मोबाइलवर पॉडकास्ट लावायला लागलो. पॉडकास्ट म्हणजे रेडिओसारखाच बोलका कार्यक्रम. फरक एवढाच की दूध उतू जायला लागलं तर थांबवता येतो आणि रात्री भांडी घासताना पुढे लावता येतो.

मसाल्याच्या दिवसांत आम्ही सगळ्या एका खोलीत बसून मिरच्यांची देठं काढतो. मध्ये एक मोबाइल, उलटा करून स्टीलच्या पातेल्यात ठेवलेला, म्हणजे आवाज मोठा येतो. ही कल्पना काही आमची नवी नाही. क्युबा देशात सिगार वळणाऱ्या कामगारांसमोर 1865 पासून एक जण उंच जागी बसून वर्तमानपत्रं, कादंबऱ्या वाचून दाखवायचा आणि त्याचे पैसे कामगार वर्गणी काढून द्यायचे. केरळात कन्नूरकडे विडी कामगारांतही ही रीत होती. वाचणाऱ्याच्या वाट्याच्या विड्या बाकीचे वळून देत. आपल्याकडे आकाशवाणीचं ‘वनिता मंडळ’ आमच्या आयांनी ऐकलंय. म्हसवडला तर 2008 पासून ‘माणदेशी तरंग’ हे बायकांनी उभं केलेलं रेडिओ केंद्रच आहे.

सुरुवातीला आम्ही रेसिप्या आणि भुताच्या गोष्टी लावल्या. मग कुणीतरी ‘अमुक तमुक’वाल्यांचं ‘खुसपुस’ लावलं. ज्या गोष्टी आपण कुजबुजत बोलतो त्यावर त्यात मोकळेपणी बोलतात. पाळी जाण्याचा विषय निघाला आणि खोलीत एकदम शांतता झाली. आमच्यातल्या एकीची पाळी जाऊन दीड वर्ष झालं होतं, आणि मध्येच पुन्हा डाग दिसत होता. घरी तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. पाळी पूर्ण वर्षभर थांबल्यावर पुन्हा रक्त गेलं तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं, हे तिला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी दोघी जणी तिच्याबरोबर दवाखान्यात गेल्या. तपासण्या झाल्या, औषध सुरू आहे. टीव्हीवर असं काही लागलं असतं तर सासऱ्यांसमोर आम्हीच चॅनल बदलला असता.

एक मात्र सांगून ठेवतो. कानात बोलणारा प्रत्येक जण डॉक्टर नसतो. अमुक काढा घ्या, गोळ्या बंद करा, असं सांगणारेही पुष्कळ भेटतात. बोलणारा कोण, शिकलाय काय, हे आधी बघायचं. आणि रूळ ओलांडताना, ट्रकच्या रस्त्यावर कानात काही घालायचं नाही, हा आमच्या गटाचा नियम आहे. नेटचं म्हणाल तर नुसता आवाज तासाला साधारण 60 एमबी घेतो, व्हिडिओला कितीतरी जास्त लागतं.

आता आवडी कशा बदलल्या बघा. आमच्यातली एक बीबीसी मराठीचं ‘गोष्ट दुनियेची’ ऐकते. देशांची नावं कानावर पडायला लागली तशी तिनं मुलाच्या दप्तरातला नकाशा काढून घेतला. तिचा नवरा जहाजतोडीवर. जहाजाच्या मागच्या बाजूला त्याच्या बंदराचं नाव रंगवलेलं असतं. इतकी वर्षं तो कामावरून आला की ती विचारायची, डबा संपवला का? हल्ली विचारते, आज कुठलं नाव होतं? तो सांगतो, ती शोधते. नाही सापडलं तर सकाळी नळावर आम्हाला विचारते, आणि मग आम्हीही शोधत बसतो.