यंत्राची नाडी

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात नायगाव येथे पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



मी विद्वान नाही. यंत्रदुरुस्ती हा माझा धंदा. जेथे डॉक्टर, वकील, प्राध्यापक बोलतात तेथे ग्रीस लागलेल्या हातांच्या माणसाला आपण बोलावलेत, याबद्दल संस्थेचा मी आभारी आहे. विषय माझ्या धंद्यातलाच घेतो, कारण त्यात आपल्या कित्येक घरांचा पैसा अडकलेला आहे.

नायगावहून देगलूरच्या रस्त्याने निघा. कोठे विहीर, कोठे शेततळे, कोठे घराचा पाया. जेसीबी नाही तर पोकलेन कामाला लागलेले दिसते. नवे यंत्र घेण्याची ऐपत थोड्यांची. बाकीचे जुने घेतात. त्यासाठी कोणी एकर-अर्धा एकर विकतो, कोणी घरातले दागिने गहाण ठेवतो. पाऊस लागला की आपल्या काळ्या मातीत यंत्र उतरत नाही. तेव्हा उन्हाळ्याच्या दिवसांत ते बंद पडले तर हप्ता थकतो, आणि हप्ता थकला की पहिली कात्री मुलांच्या शिक्षणाला लागते.

पूर्वीचे यंत्र बंद पडले तर मिस्त्री डिझेल, हवा आणि तेल पाहत असे. आता इंजिनाला एक कॉम्प्युटर, हायड्रॉलिकला दुसरा, ऑपरेटरपुढच्या मीटरला तिसरा. एप्रिल 2021 पासून बांधकाम यंत्रांना प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले आणि हा कारभार आणखी वाढला. हे सारे कॉम्प्युटर दोनच तारांवरून एकमेकांशी बोलतात. या पद्धतीला ‘कॅन’ म्हणतात. जर्मनीच्या बॉश कंपनीने 1983 साली तिचे काम हाती घेतले आणि 1986 साली ती जगापुढे मांडली.

ती समजण्यास कठीण नाही. पंचायतीच्या ओट्यावर सगळे बसले आहेत असे समजा. एक बोलतो, बाकीचे ऐकतात आणि ज्याच्या कामाचे असेल तो ते घेतो. दोघे एकदम बोलू लागले तर ज्याचा निरोप अधिक निकडीचा तो बोलत राहतो, दुसरा थांबतो. विहिरीत हाक मारली की आवाज उलटून येतो, तसा तारेच्या टोकाशी संदेश उलटून येऊ नये म्हणून दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक रोध बसवलेला असतो.

आता माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्याच भागातल्या एका तरुणाने जुने यंत्र घेतले. खड्ड्यातून जाताना धक्का बसला की इंजिन एकदम मंद होई आणि मीटरचे काटे खाली पडत. थोड्या वेळाने पुन्हा ठीक. मी पडद्यावरचा दोषांक पाहिला आणि बेधडक सांगितले, “भाई, कॉम्प्युटर गेला.” त्याने उसने पैसे काढून दुसऱ्या यंत्रातला जुना कॉम्प्युटर आणला. त्यातला प्रोग्रॅम निराळ्या मॉडेलचा, तो जुळेना. ऐन मे महिन्यात यंत्र तीन आठवडे उभे राहिले. शेवटी आयटीआयमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या एका मुलाने मल्टीमीटर लावला आणि तारांची जुडी हलवून पाहू लागला. केबिनच्या मागे एक तार पत्र्याच्या कडेवर घासून उघडी पडली होती. धक्का बसला की तांबे पत्र्याला टेके. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! मी माझी मजुरी परत केली. पण गेलेले तीन आठवडे मला परत करता आले नाहीत.

तेव्हापासून मी एक क्रम पाळतो. हकीमसाहेब नाडी पाहिल्याशिवाय पुडी बांधत नाहीत, तसेच हे आहे.

प्रथम ऑपरेटरला विचारावे, बिघाड केव्हा होतो? धुतल्यावर, तापल्यावर की धक्क्याने? मग सर्व दोषांक वहीत उतरून घ्यावेत. उतरण्यापूर्वी पुसू नयेत. सगळे कॉम्प्युटर एकाचीच तक्रार करीत असतील तर त्या एकाचा फ्यूज, वीजपुरवठा आणि अर्थिंग पाहावे. सगळेच एकमेकांची तक्रार करीत असतील तर त्या दोन तारांवर संशय घ्यावा.

नंतर किल्ली बंद करून बॅटरी सोडवावी आणि दोन तारांमधला रोध मोजावा. विद्यार्थ्यांनो, 120 ओहमचे दोन रोध समांतर जोडले तर किती? 60. मीटरने 60 च्या आसपास दाखवले तर मुख्य तार बहुधा शाबूत आहे. 120 दाखवले तर कोठे तरी तार तुटली आहे किंवा एका टोकाचा रोध गेला आहे. शून्याजवळ आले तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. प्रत्येक तार पत्र्याशी जोडली गेली नाही ना, तेही मोजावे. मात्र दोन सावधगिऱ्या ठेवाव्यात. काही यंत्रांत हा रोध कॉम्प्युटरच्या पोटातच असतो. तो कॉम्प्युटर काढला की 120 दिसणारच. आणि एखादी फांदीची तार तुटली तरी 60 दिसू शकते.

मग बॅटरी जोडून किल्ली चालू करावी. प्रत्येक तारेवर सुमारे अडीच व्होल्ट मिळावेत, एकीवर किंचित जास्त, दुसरीवर किंचित कमी. तरीही दोष सापडला नाही तर किल्ली बंद करून एकेक कनेक्टर सोडवावा, पिनांवर गंज वा पाणी आहे का ते पाहावे, उंदराने तार कुरतडली आहे का ते पाहावे. कॉम्प्युटर बदलण्याचा विचार सर्वांत शेवटी.

जुने यंत्र घेणाऱ्या पालकांना एवढेच सांगतो: ईसार देण्यापूर्वी यंत्र तासभर कामावर चालवून मग दोषांक वाचून घ्या, कारण विकणारा ते आदल्या दिवशी पुसू शकतो. मीटरवरचे तास आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले तास ताडून पाहा. वायरिंगवर जागोजाग चिकटपट्टी दिसली तर भावात घाई करू नका. आणि यंत्रावर वेल्डिंग करायचे असेल तर आधी बॅटरी व कॉम्प्युटरचे कनेक्टर सोडवा.

विद्यार्थी मित्रांनो, यात जे गणित लागले ते शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातले आहे. त्या मुलापाशी माझ्यापेक्षा अनुभव कमी होता. पण त्याने मोजले, आणि मी अंदाज केला. यंत्राची माहितीपुस्तके बहुधा इंग्रजीत असतात, म्हणून इंग्रजी वाचण्याचा कंटाळा करू नका. दहावीनंतर आयटीआयला जाणे म्हणजे शिक्षणात मागे पडणे नव्हे. आणि हे काम मुलींनाही येण्यासारखे आहे. मीटर धरायला दंडात बळ लागत नाही.

संस्थेला माझी एक विनंती आहे. आपल्या प्रयोगशाळेत चार मल्टीमीटर ठेवावेत. भंगारातल्या यंत्राची वायरिंगची एक जुडी मी आणून देतो. मुलांना शनिवारी दुपारी शिकवायला मी येईन. त्याचा मोबदला नको. ज्या तरुणाचे तीन आठवडे माझ्यामुळे वाया गेले, त्याचा धाकटा मुलगा याच शाळेत आहे. पहिल्या तुकडीत त्याला बसवावे, एवढीच इच्छा.