आधी उतरून बघा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बहुतेकांच्या घरात एकच गाडी असते. तीच रोज ऑफिसला जाते, शनिवारी आईला दवाखान्यात नेते, मुलांना क्लासला सोडते आणि दिवाळीत बोचकी-पिशव्यांसह गावी जाते. अशी घरची गाडी फोर व्हील ड्राइव्ह असली, की मालकाच्या डोक्यात एक किडा वळवळू लागतो. चारही चाकं फिरवणाऱ्या त्या जादा लिव्हरचे, नाहीतर बटणाचे आपण एवढे पैसे मोजले, मग ते वापरायचं कधी? माझ्या डोक्यातही हा किडा शिरला होता. डांबरी सोडून पहिल्यांदाच कच्च्या वाटेला लागणाऱ्यानं घरची गाडी कशी जपावी, यावर आज मला बोलायचं आहे. हे ज्ञान मी पुस्तकातून मिळवलेलं नाही. त्याची फी भरलेली आहे, आणि ती माझ्या एकट्याच्या खिशातून गेलेली नाही.

भोरहून महाडकडे जाणारा रस्ता नीरा-देवघर धरणाच्या काठाकाठानं जातो. ऑक्टोबर संपत आला होता. पाऊस उघडला होता, डोंगर अजून हिरवे होते. त्या रस्त्याला एके ठिकाणी बैलगाडीची वाट फुटली होती, ती वरच्या वाड्यांकडे चढत होती. गाडीत मी, पत्नी, दोन मुलं आणि आई. आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन तीन महिने झाले होते. “थोडं वर जाऊन येऊ,” असं म्हणत मी गाडी वळवली.

वाटेवर दोन स्वच्छ चाकोऱ्या होत्या आणि त्यांच्या मधे कमरेएवढं गवत. चाकं चाकोरीत ठेवली की झालं, असा माझा हिशेब. पण बैलगाडीचं चाक किती मोठं असतं, हे मी विसरलो. तिची आस जमिनीपासून चांगली उंच असते. त्यामुळे दोन चाकोऱ्यांच्या मधला दगड वर्षानुवर्षं तिथंच राहतो, बैलगाडीला त्याचा काही त्रास नसतो. आपल्या गाडीचं पोट मात्र जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. गवतातला तसाच एक दगड खण्णकन लागला. मुलं हसली. मीही हसलो आणि पुढे गेलो.

दोन मिनिटांनी मुलगी म्हणाली, “बाबा, तेलाच्या झारीसारखा लाल दिवा लागलाय.” मी म्हणालो, “वायर हलली असेल.” खरं सांगायचं, तर मला थांबायचं नव्हतं. सूर्य कलला होता, आईला चालवणं शक्य नव्हतं आणि वाडी समोर दिसत होती. दीडेक किलोमीटरवर इंजिन खडखडलं, जड झालं आणि बसलं. दगडानं चेंबर फुटला होता. सगळं ऑइल वाटेवर सांडलं होतं आणि मी इंजिन कोरडं पळवलं होतं.

वाडीतल्या एका आजोबांनी बैल जुंपले आणि आईला गाडीतून वाडीवर नेलं. प्रत्येक धक्क्याला ती गुडघा दोन्ही हातांनी धरत होती. मला एका शब्दानं बोलली नाही. आजोबा एवढंच म्हणाले, “सायेब, आमी बी नव्या वाटंला पैलं उतरून बघतो. तुमी आत बसूनच आलात व्हय?”

गाडी दोन महिने गॅरेजमध्ये पडून होती. आईचा व्यायामोपचार आठवड्यातून दोनदा असे. ते दोन महिने ती रिक्षात चढायची कसरत करत होती. विम्यातून चेंबरचे पैसे मिळाले, इंजिनाचे मिळाले नाहीत. पॉलिसी काढून वाचली, तर त्यात तसं स्पष्ट लिहिलेलं होतं. दगड लागणं हा अपघात. ऑइल गळत असताना गाडी चालवत राहिल्यानं झालेलं नुकसान हा पुढचा परिणाम, आणि साध्या पॉलिसीत तो धरत नाहीत. इंजिनाच्या संरक्षणासाठी जादा हप्ता भरून वेगळं कलम घ्यावं लागतं, त्यालाही अटी असतात. म्हणून वाटेला लागण्यापूर्वी घरी बसून करायचं पहिलं काम म्हणजे स्वतःची पॉलिसी शेवटच्या पानापर्यंत वाचणं.

दुसरं काम गॅरेजमध्ये. गाडी वर चढवायला सांगा आणि स्वतः खाली उभं राहून बघा. आपण गाडीला बाहेरून पॉलिश करतो, पण तिचं पोट आपण कधी पाहिलेलंच नसतं. इंजिनाचा चेंबर कुठं आहे, गिअरबॉक्स कुठं, डिझेलची टाकी कुठल्या बाजूला, सायलेन्सरचा पाइप कुठून गेला आहे, हे पाहून ठेवा. ज्या गाड्यांना मागे अखंड आस असते, त्यांत डिफरन्शियलचा गोळा बहुधा सगळ्यांत खाली असतो, आणि तो मधोमध असेलच असं नाही. हा नकाशा एकदा डोक्यात बसला, की दगड दिसल्यावर चाक कुठं ठेवायचं ते आपोआप सुचतं.

इंजिनाखाली कंपनीनं बसवलेलं कव्हर बऱ्याचदा पातळ पत्र्याचं किंवा प्लॅस्टिकचं असतं. ते चिखल अडवतं, दगड अडवत नाही. वारंवार कच्च्या वाटेनं जायचं असेल, तर पैसे आधी इथं घाला. तीन-चार मिलिमीटर जाडीची पोलादी पाटी इंजिन आणि गिअरबॉक्सखाली बसवून घ्या. ती चासीला बोल्टनं घट्ट हवी, ऑइल बदलण्यासाठी तिला भोक हवं आणि चिखल धुऊन निघेल अशी फट हवी. आणि पाटी बसवली म्हणजे दगडावर आपटायचा परवाना मिळाला, असं समजू नका.

नवखा माणूस मात्र पहिला खर्च करतो तो पुढच्या बुलबारवर. तो गाडी वाचवत नाही. समोरच्या पादचाऱ्याला त्यानं जास्त इजा होते आणि धडकेच्या वेळी एअरबॅगच्या कामात अडथळा येऊ शकतो. केंद्रीय परिवहन मंत्रालयानं २०१७ च्या डिसेंबरात राज्यांना पत्र पाठवून असे बार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग करतात, असं कळवलं. मूळ रचनेत मनाजोगे बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं आहे. तेव्हा गाडी उंच करणं, भलेमोठे टायर घालणं या गोष्टी गॅरेजवाला ‘होऊन जाईल’ म्हणाला तरी आधी आरटीओत विचारा.

आता प्रत्यक्ष वाटेवर. एक गोष्ट मनाशी पक्की करा. फोर व्हील ड्राइव्हनं गाडीला पकड मिळते, उंची मिळत नाही. चारही चाकं फिरली म्हणून पोटाखालचा दगड लहान होत नाही. म्हणून दगड दोन चाकांच्या मधे घेण्याची आपली शहरातली सवय सोडा. जो दगड पोटाला लागेल, त्याच्यावर सावकाश चाक चढवा, म्हणजे गाडी त्या बाजूनं उचलली जाते आणि पोट सुटतं. चाक ठेवण्यासारखा नसेल, तर त्याला वळसा घाला, नाहीतर उतरून बाजूला करा. आडवा चर आला, तर त्यात सरळ न घुसता जरा तिरपं जा. एकेक चाक उतरतं, पुढचा बंपर वाचतो. गाडीत किती माणसं, किती सामान आहे तेही बघा. पाच माणसं बसली, की गाडी खाली बसते. अवघड जागी सगळ्यांना उतरवलं, तर गाडी थोडी वर येते, आणि माणसंही सुरक्षित राहतात. एकानं पुढे उभं राहून हातानं दिशा दाखवावी. आमच्याकडे हे काम मुलगी करते, आणि ती थांब म्हणाली की मी थांबतो.

ट्रान्सफर केसचा लो गिअर अशाच जागांसाठी असतो. त्यात गाडी माणसाच्या चालीनं, ताकदीनं आणि ताब्यात चालते. पण जुन्या पद्धतीच्या गाड्यांत, जिथं पुढची-मागची चाकं थेट जोडली जातात, तिथं कोरड्या डांबरीवर येताच टू व्हीलमध्ये या. वळणावर पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत, डांबरीवर ती घसरूही शकत नाहीत, आणि सगळा ताण आतल्या दात्यांवर येतो. तीव्र उतारावर लो मधला पहिला गिअर टाका आणि क्लचवरून पाय काढा. न्यूट्रलमध्ये कधीही उतरू नका. चढावर गाडी अडली, तर वळवायच्या भानगडीत पडू नका. चढावर आडवी झालेली गाडी कोलांटी खाते. रिव्हर्स टाकून आल्या वाटेनं सरळ मागे या.

टायरमधली हवा हा फुकटचा उपाय. डांबरीवर ३२-३५ पौंड हवा असणाऱ्या गाडीत खडबडीत वाटेवर २५ च्या आसपास आणि मऊ वाळूत १८-२० पौंड ठेवली, तर टायर पसरतो, पकड वाढते आणि धक्के कमी बसतात. मात्र वेग कमी ठेवायचा, झटकन वळायचं नाही, आणि डांबरीवर येताच हवा पुन्हा भरायची. त्यासाठी सिगारेट लायटरवर किंवा बॅटरीवर चालणारा छोटा पंप जवळ हवा.

आपल्याकडचा मोठा शत्रू म्हणजे पाणी. ओढा आला, की आधी स्वतः काठी घेऊन चालत जा. तुमचा पाय जिथं ठरत नाही, तिथं गाडी घालू नका. वाहतं पाणी फूटभर असलं, तरी लहान मोटारीला ओढून नेऊ शकतं, दोन फूट असलं तर मोठ्या गाडीलाही. फरशी पुलावरून पाणी जात असेल, तर वाट बघणं हाच उपाय. पाणी संथ आणि गुडघ्याच्या खाली असेल, गाडीच्या पुस्तकातल्या मर्यादेत असेल, तर लो गिअरमध्ये एकाच चालीनं पार व्हा, मधे क्लच दाबू नका. लांबून आला असाल, तर आधी काही मिनिटं थांबा. तापलेला आसाचा गोळा गार पाण्यात बुडाला, की आतली हवा आकसते आणि झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. नंतर त्याचं ऑइल तपासा. दुधासारखं दिसलं, तर लगेच बदला. आणि पाण्यात इंजिन बंद पडलं, तर पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड मात्र वाकतो. गाडी ओढून बाहेर काढा आणि मेकॅनिकला बोलवा.

ओढून काढायचीही एक रीत आहे. दोर बंपरला किंवा ट्रॉलीच्या गोळ्याला बांधू नका. तो गोळा तुटला, तर तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो. चासीला पक्का जोडलेला हूक कुठं आहे, हे घरीच बघून ठेवा. जाड पट्टा वापरा, त्याच्या मध्यावर जड गोधडी टाका, आणि माणसांना पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट तरी दूर उभं करा.

पावसानंतरच्या महिन्यांत आणखी एक काळजी. वाळलं गवत सायलेन्सरच्या गरम भागाला अडकून पेट घेऊ शकतं. गाडी उंच वाळल्या गवतात उभी करू नका, अधूनमधून खाली वाकून बघा. घरी आल्यावर फक्त बॉनेट न पुसता पोट धुवा. रेडिएटरच्या जाळीतली गवताची कुसळं काढा. चाकांचे नट तपासा.

राहिली जागा. कोकणच्या पुळणीवर गाडी नेणारे दर वर्षी भरतीत सापडतात. तिथं ती नेऊ नका. गोव्यात तर किनाऱ्यावर गाडी चालवायला बंदीच आहे. जी गाडी वाचते, तिलाही खारं पाणी पुढे महिनोन्महिने खात राहतं. कासच्या पठारासारख्या सड्यांवर मातीचा थर बोटभराचा असतो. एका टायरनं उमटलेला ओरखडा कित्येक पावसाळे बुजत नाही. वनखात्याची वाट असेल तर परवानगी घ्या, खाजगी वाट असेल तर शेतकऱ्याला विचारा, आणि भाताच्या खाचराचा बांध तोडून पुढे जाऊ नका. शेतकऱ्याला विचारलं, की त्या वाटेवरचा दगडही तोच सांगतो.

त्या ठिकाणी आम्ही पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. गाडी वाटेच्या तोंडाशी उभी केली आणि मी नि मुलगी चालत वर गेलो. तो दगड तिथंच होता, त्यावर आमच्या चेंबरचा ओरखडाही होता. दोघांनी मिळून तो पहारीनं हलवला आणि बांधाला लावला. मग खाली येऊन आईला विचारलं, “येतेस का?” ती म्हणाली, “तू आधी बघून आलास ना? मग चल.”