पाठीचे दुखणे आणि शेतीची कामे

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानावरून)



मी कृषिविद्येचा अध्यापक. मेळाव्यात माझ्याकडून ज्वारीची पेरणी, तणनियंत्रण, खतांच्या मात्रा अशा विषयांची अपेक्षा असते. या वेळी मात्र मी संयोजकांकडून वेगळा विषय मागून घेतला. त्याचे कारण असे की, शिवार फेरीला आलो म्हणजे माणसे पिकाबद्दल एक प्रश्न मोठ्याने विचारतात आणि माझ्या हातातील काठीकडे पाहून दुसरा हळूच विचारतात, "सर, माझीही कंबर धरलीय. ऑपरेशन करावं का?"

मी डॉक्टर नाही, त्यामुळे करावे की करू नये हे सांगण्याचा अधिकार माझा नाही. परंतु चार वर्षांपूर्वी माझ्या कंबरेच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली. उजव्या पावलात शक्ती कमी राहिली, दुखणेही काही अंशी मागे राहिले. अशी पाठ घेऊन शेतात वावरायचे कसे, एवढ्यापुरते मी बोलणार आहे.

प्रथम दुखणे समजून घेऊ. कंबरेत पाच मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. तिच्या आतील भाग मऊ आणि बाहेरचे वेष्टन चिवट असते. वेष्टन फाटून आतील भाग बाहेर आला की तो शेजारच्या शिरेवर दाबतो. हे बहुधा सर्वांत खालच्या दोन गाद्यांच्या जागी घडते. तेथील शीर कुल्ल्यातून, मांडीच्या मागून पोटरीत व पावलात जाते. म्हणून दोष कंबरेत आणि ठणका पायात, असा प्रकार होतो.

कंबरेवर ताण किती येतो, हे ओझ्याच्या वजनाइतकेच ते अंगापासून किती लांब आहे यावर ठरते. भरलेली घागर कडेवर घेऊन बाई मैलभर चालते, पण तीच घागर दोन्ही हात लांब करून धरायला सांगितली तर क्षणात खाली ठेवील. खताचे पोते वाकून, हात लांब करून उचलायचे आणि त्याच झटक्यात कंबर वळवून बैलगाडीत टाकायचे, यात लांबचे ओझे, वाक आणि पीळ हे तिन्ही ताण एकदम येतात.

नुसती उसण भरली असेल तर ती बहुधा थोड्या दिवसांत आपोआप उतरते. आपल्याकडे पायाळू माणसाकडून पाठीला लाथ लावून घेण्याची रीत आहे. उसण तशीही उतरणारच असते, श्रेय मात्र पायाळूला जाते! त्यात कोणाचे फारसे बिघडत नाही. पण पायात मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा असेल तर पाठीवर कोणाचाही पाय पडू देऊ नये. बधिर भागाला तापलेल्या विटेचा शेकही देऊ नये. चटका कळत नाही आणि कातडी भाजते.

गादी सरकून पाय दुखू लागला तरी बहुतेकांना ६ ते १२ आठवड्यांत शस्त्रक्रियेवाचून आराम पडतो. बाहेर आलेला भाग शरीर हळूहळू जिरवते. या काळात खाटेवर पडून राहणे हिताचे नाही. एकदोन दिवसांची विश्रांती पुरे, नंतर झेपेल तेवढे चालत राहावे. दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन्‌महिने खाण्याची सवय वाईट. त्यांनी जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडावर परिणाम होतो. उन्हात घाम गाळणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या माणसाला हा धोका अधिक.

काही लक्षणे मात्र थांबण्याची नव्हेत. लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, खोगिरावर बसताना जो भाग टेकतो तेवढा बधिर होणे, दोन्ही पायांतील शक्ती जाणे, यांपैकी काही आढळले तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. उद्या बाजार आहे, परवा पाण्याची पाळी आहे, असे म्हणू नये. पाठदुखीबरोबर बारीक ताप, वजन घटणे, रात्री झोपेतही ठणका असेल तर मणक्याचा क्षयरोग आहे का हे तपासून घ्यावे. त्याची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि अनेक रुग्ण औषधांनीच बरे होतात.

आता शस्त्रक्रियेबद्दल. तिच्यामुळे कंबर नवी होते, असा अनेकांचा समज असतो. शिरेवरचा दाब काढणे हे तिचे मुख्य काम. त्यामुळे पायाचा ठणका कमी होण्याची शक्यता चांगली असते, कंबरेच्या दुखण्याबाबत तितकी खात्री देता येत नाही. शीर फार काळ दबलेली असेल तर शक्ती पूर्ण परत येईलच असे नाही. हे आधी समजले म्हणजे नंतर "पैसा वाया गेला" असे वाटत नाही. आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. बैलजोडी विकणे, जमीन बटाईने देणे असे निर्णय शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत घेऊ नयेत. त्या दिवसांत मन खचलेले असते, झोप नसते, घरातल्यांवर विनाकारण राग निघतो. पुढे आपण किती काम करू शकू याचा अंदाज तेव्हा येत नाही.

उरलेल्या दुखण्याचे काय? बरे वाटले त्या दिवशी चार दिवसांचे काम उरकायचे आणि मग तीन दिवस आडवे पडायचे, ही आपली रीत. पंधरवड्यातून एकदा पाटाने रान तुडुंब भरण्यासारखीच ही गोष्ट आहे. ठिबकाने रोज थोडे पाणी दिल्यावर पीक कसे राहते, हे आपण पाहिले आहे. काम तसे द्यावे. दुखणे सांगेल तेव्हा थांबू नये, घड्याळ सांगेल तेव्हा थांबावे. वाकून करायचे काम २० मिनिटे झाले की उठून बांधावर दोन फेऱ्या माराव्यात, मग पुन्हा लागावे. बरे वाटत असतानाही उठावे, हे कठीण जाते. "दिसायला तर धडधाकट आहे" असे बोलणारे शेजारीही भेटतात. त्यांना बोलू द्यावे.

पाठीवरच्या फवारणी पंपात १६ लिटर पाणी म्हणजे १६ किलो ओझे, शिवाय पंपाचे वजन वेगळे. पंप अर्धाच भरावा, मात्र औषधाचे लिटरमागे प्रमाण तेच ठेवावे. बॅटरीच्या पंपाने हात वाचतो, पाठ वाचत नाही. शक्य असेल तेथे बांधावर पंप ठेवून लांब नळीने फवारावे. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची झाली, तरी कमकुवत कंबरेला तीही जडच. ती दोघांनी उतरवावी आणि खत घमेल्याने न्यावे. पट्टा कंबरेला दिवसभर आवळून ठेवू नये. डॉक्टर सांगतील त्या काळापुरता आणि कामापुरताच वापरावा. बायांच्या खुरपणीचा विचार तर आपण करतच नाही. दिवसभर वाकून त्यांची कंबर गेली तरी घरात तिला दुखणे म्हणत नाहीत. जेथे ओळीत पेरणी आहे तेथे सायकल कोळपे उभ्याने चालते. ते घरातील बाईच्या हातीही द्यावे.

काठीची लाज वाटते, हे मी जाणतो. चाळिशीच्या आत काठी हाती आली म्हणजे माणूस ती दाराआड ठेवून चावडीवर जातो. माझ्या मते काठी हे अवजार आहे. अवजार मापाचे हवे. पायात नेहमीची चप्पल घालून ताठ उभे राहावे, हात सैल सोडावा. मनगटाच्या घडीशी मूठ यावी. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात ती धरावी. माझा उजवा पाय अधू, म्हणून काठी डाव्या हातात. बांधावर चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. बुडाचे रबर गुळगुळीत झाले की बदलावे. चार पायांची काठी घराच्या फरशीवर उत्तम, ढेकळांच्या रानात मात्र तिचे चारही पाय टेकत नाहीत. कुबड्या असतील तर भार हातांवर घ्यावा. काखेत रेलल्याने तेथील शिरा दबतात.

पाऊल उचलले जात नसेल तर त्याला धरून ठेवणारी प्लास्टिकची पट्टी मिळते, ती बुटात बसते. बधिर पावलाने अनवाणी रानात जाऊ नये. बाभळीचा काटा मोडला तरी कळत नाही. रोज संध्याकाळी पाय धुऊन तळवे उजेडात पाहावेत.

कायमचे अपंगत्व राहिले असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे प्रमाणपत्र मिळते. ४० टक्के किंवा अधिक असल्यास अनेक सवलती लागू होतात. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

मंडपाच्या डाव्या अंगाला अवजारांचा विभाग आहे. तेथे सायकल कोळपे आणि उभ्याने चालवायचे टोकण यंत्र ठेवले आहे. नुसते पाहून जाऊ नका, दांडा हातात धरून दहा पावले चालवून पाहा. मूठ कंबरेच्या खाली येत असेल तर तेथील कारागिराला सांगा, तो उंची बदलून देईल. आता आपले प्रश्न घेऊ.