घड्याळातला नकाशा निवडताना



पावसाळा ओसरला की सह्याद्रीतल्या गडकिल्ल्यांवर गर्दी सुरू होते, आणि हल्ली त्या गर्दीत बऱ्याच मनगटांवर जीपीएस घड्याळ दिसतं. या घड्याळांत दोन जाती आहेत. एकीत नुसता कोरा पडदा असतो आणि त्यावर तुमच्या चालण्याची रेघ उमटत जाते. दुसरीत खराखुरा नकाशा भरता येतो. वाटा, ओढे, गावं आणि डोंगराचा चढउतार सांगणाऱ्या समोच्च रेषा, सगळं त्यात येतं. आज बोलायचंय ते या दुसऱ्या जातीबद्दल, म्हणजे त्यात भरायचा नकाशा निवडायचा कसा याबद्दल.

विकणारे सांगतात, आमचा नकाशा तपशीलवार आहे, त्यात दर दहा मीटरला रेषा आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, वीसपेक्षा दहा बरं. पण रेषा दाट म्हणजे माहिती दाट, असं नसतं. आणि आपल्या सह्याद्रीत तर हे फार जपून लक्षात ठेवावं लागतं.

समोच्च रेषा म्हणजे सारख्या उंचीवरच्या जागा जोडणारी रेषा. रेषा जवळजवळ आल्या की चढ उभा, लांब गेल्या की पठार. १७६७ साली सुरू झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाचे पन्नास हजारास एक या प्रमाणाचे नकाशे, ज्यांना आपण टोपोशीट म्हणतो, त्यांत साधारणपणे दर वीस मीटरला एक रेषा असते. त्यामागे जमिनीवरची मोजणी आहे.

घड्याळातल्या रेषा मात्र बहुतेक वेळा वेगळ्या वाटेने आलेल्या असतात. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर हे अवकाशयान अकरा दिवस रडार घेऊन पृथ्वीभोवती फिरलं आणि जमिनीच्या सुमारे ऐंशी टक्के भागाची उंची त्याने टिपली. ती माहिती आज सर्वांना मोफत मिळते, आणि बरेच मोफत नकाशे, काही विकतचेसुद्धा, आपल्या रेषा तिच्यातूनच काढतात. त्या माहितीत साधारण तीस मीटर लांब आणि तीस मीटर रुंद अशा चौकोनाला उंचीचा एकच आकडा असतो. शिवाय दाट झाडी असली की रडारचा किरण जमिनीपर्यंत पोचतोच असं नाही, झाडांच्या शेंड्यांची उंचीही त्यात मिसळते. आता या एकाच माहितीतून संगणकाला वीस मीटरच्या रेषा काढायला सांगा, नाहीतर दहाच्या. तो दोन्ही काढून देईल. दहाच्या नकाशात रेषा दुप्पट होतील, पण डोंगराबद्दल नवं काही कळणार नाही.

हे सह्याद्रीत जास्त का जाणवतं? हा डोंगर लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला आहे. म्हणून त्याचा उतार सलग नाही, पायऱ्यापायऱ्यांचा आहे. थोडी सपाटी, मग उभा कातळ, पुन्हा सपाटी. यातला दहा-बारा मीटरचा कातळटप्पा तीस मीटरच्या चौकोनात विरून जातो आणि नकाशावर तिथे नुसता चढ दिसतो. चढताना निभावून जाल, पण संध्याकाळी अनोळखी सोंडेवरून उतरताना असा टप्पा आडवा आला की मागे फिरण्याशिवाय इलाज नसतो. मोठ्या कड्यांचीही तीच गत. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा तर आत वळलेला आहे, बाहेर झुकलेला कातळ समोच्च रेषांच्या भाषेत मांडताच येत नाही. तेव्हा सह्याद्रीत साधा नियम ठेवावा. नकाशात रेषा एकमेकींना चिकटल्या असतील तर तिथे कडा आहेच असं धरावं, आणि चिकटल्या नसतील तरी कडा नाही असं समजू नये.

दुसरा मुद्दा पडद्याचा. घड्याळाचा गोल पडदा सुमारे तेहेतीस मिलिमीटरचा. नकाशा पंचवीस हजारास एक या प्रमाणात उघडला, तर एका वेळी जेमतेम आठशे मीटरचा मुलूख दिसतो. पंचेचाळीस अंशांच्या चढावर वीस मीटरच्या रेषांमध्ये तिथे पाऊण मिलिमीटरच्या आसपास अंतर राहतं. दहाच्या रेषा घेतल्या तर त्याच्या निम्मं. मग पडदा नुसता तपकिरी होतो आणि त्याखाली पायवाट बुडून जाते. स्वित्झर्लंडच्या सरकारी नकाशांची मोजणी अत्यंत काटेकोर, तरीही आल्प्समधल्या पंचवीस हजारी नकाशात त्यांनी रेषा वीस मीटरवरच ठेवल्या आहेत, आणि तो तर कागदी नकाशा, भरपूर ऐसपैस. घड्याळासाठी वीसच घ्याव्यात. पाचवी रेषा ठळक आणि तिच्यावर उंचीचा आकडा असेल तर उत्तम.

मग नकाशात पाहायचं काय? वाटा. गार्मिनचा टोपोॲक्टिव्ह असो की इंटरनेटवरून उतरवलेला एखादा मोफत नकाशा, त्यांतल्या वाटा मुख्यतः ओपनस्ट्रीटमॅप या प्रकल्पातून येतात. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला हा प्रकल्प स्वयंसेवकांनी भरलेला आहे. त्यामुळे राजगड, हरिश्चंद्रगड अशा गाजलेल्या गडांच्या वाटा सापडतील, पण आडबाजूच्या घाटवाटेचा पत्ता नसेल, किंवा कुणीतरी ढोरवाटच मुख्य वाट म्हणून नोंदवलेली असेल. नकाशा घेण्याआधी तुम्हाला पाठ असलेला एखादा गड त्यात उघडा. खिंड, पाण्याचं टाकं, वाटेचा फाटा जागच्या जागी आहेत का ते बघा. जाहिरातीपेक्षा ही परीक्षा खरी.

काही उत्साही मंडळी जुनं टोपोशीट स्कॅन करून घड्याळात बसवतात. हौस चांगली आहे, पण जुनी शीट एव्हरेस्ट या जुन्या मापनपद्धतीवर आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर चालतं. हा फरक न काढता नकाशा बसवला तर आपल्या भागात सगळं शंभरेक मीटर सरकतं. डोंगरधारेवर शंभर मीटर म्हणजे दरी. नाळेत उतरताना अशी आणखी एक गंमत होते. दोन्ही बाजूंच्या कातळावर उपग्रहाचे संदेश आपटून येतात आणि नकाशा अचूक असूनही तुमचा ठिपका भलतीकडेच उड्या मारतो. तिथे नकाशाला दोष देऊ नका.

घड्याळ अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलं असेल तर त्यात तिकडचाच नकाशा भरलेला असण्याची शक्यता असते. भारताचा नकाशा घरच्या वायफायवर उतरवून घ्या. फाइल मोठी असते, पायथ्याच्या गावात ते जमणार नाही. काही कंपन्यांच्या घड्याळात बाहेरचा नकाशा चढतच नाही, हे विकत घेण्याआधीच विचारा. आणि अलीकडे काही घड्याळांत उपग्रहामार्फत संदेश पाठवण्याची सोय येते. भारतात अशी यंत्रं परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत, तेव्हा कुणाला घड्याळ आणायला सांगताना ही सोय नसलेलं सांगा.

शेवटी एक विनंती. तुम्ही स्वतः चाललेली वाट नकाशात नसेल, किंवा बारमाही पाण्याचं टाकं दाखवलं नसेल, तर घरी आल्यावर ओपनस्ट्रीटमॅपवर ते नोंदवा. ऐकीव माहिती मात्र टाकू नका. खातं उघडायला पैसे पडत नाहीत.