धावावे, पण कोणाच्या पोटावर पाय देऊन नव्हे
(रेल्वे व टपाल कामगारांच्या मराठी मेळाव्यातील भाषण)



सकाळी उठून धावायचे आणि मग तासभर झाडांच्या मुळाशी बसायचे, असा एक उपक्रम आम्ही काही जणांनी गेल्या पावसाळ्यापासून रेल्वे वसाहतीत चालवला आहे. आमच्यात लोको पायलट आहेत, आरएमएसचे सॉर्टर आहेत, तिकीट खिडकीवरच्या भगिनी आहेत. युनियनची कामे सोडून हे काय नवे खूळ, असे काही ज्येष्ठांनी विचारले. त्यांना उत्तर देणे आमचे कर्तव्यच आहे.

कल्पना आमची नव्हे. इंग्लंडात ऑक्सफर्डशायर परगण्यात सॉनिंग कॉमन नावाचे गाव आहे. तिथले डॉक्टर विल्यम बर्ड यांनी एका निसर्गसंवर्धन संस्थेच्या साथीने १९९८ साली 'ग्रीन जिम', म्हणजे हिरवी तालीम काढली. आधी अंग मोकळे करायचे, मग झाडे लावायची, माजलेली झुडपे तोडायची, पायवाटा दुरुस्त करायच्या, मध्ये चहा. हिशेब साधा होता. नुसता व्यायाम सांगितला तर माणूस चार दिवसांत सोडतो. हाताला काम आणि बरोबर सोबत असली तर येत राहतो. पुढे लंडनमध्ये 'गुडजिम' निघाले. त्यातली मंडळी कामाच्या जागी धावत जातात, काम उरकून धावत परततात. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची विचारपूस करायलाही धावतच जातात. स्वीडनमध्ये २०१६ साली एरिक आल्स्ट्रम यांनी धावता धावता कचरा उचलण्याचा, 'प्लॉगिंग'चा, प्रघात पाडला. २ ऑक्टोबर २०१९ रोजी आपल्या सरकारनेही देशभर 'प्लॉग रन' काढली.

टपालवाल्यांना धावण्याचे कौतुक कोणी सांगायला नको. भाल्याला घुंगरू बांधून डाक नेणारा हरकारा पोटासाठीच धावत होता. आज आपल्यातले निम्मे बसून आखडले आहेत आणि निम्मे चालून थकले आहेत. की-मन रोज आपल्या बीटचे रूळ पायी तपासतो. त्याला 'धावायला चला' म्हणणे म्हणजे थट्टाच. त्याने यावे, रोपांना पाणी घालावे, चहा घ्यावा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. बादल्या वाहणे आणि घाणेरी उपटणे त्यात खुशाल धरा. घाणेरी नुसती कापली तर पुन्हा फुटते, म्हणून कुदळीने मूळ खालून तोडावे लागते, तेही फळे धरण्यापूर्वी. नाही तर पाखरे बी सगळीकडे पेरतात. दहा मिनिटांत घाम फुटतो.

आता वेळेचे. रनिंग स्टाफला कायद्याने महिन्यात सलग ३० तासांच्या चार किंवा २२ तासांच्या पाच विश्रांती आहेत. पदरात किती पडतात ते तुम्ही जाणता. रात्रपाळी करून आलेल्याने धावू नये, झोपावे. आणि विश्रांतीच्या दिवशी कोणी साहेब रोपे लावायला हजेरी मांडू लागला, तर तो व्यायामही नाही, श्रमदानही नाही, ती वेठ आहे.

याहून मोठा प्रश्न दुसराच आहे. २०१४ च्या २ ऑक्टोबरला केंद्रीय कर्मचाऱ्यांना स्वच्छतेची शपथ दिली गेली: वर्षाला १०० तास, आठवड्याला दोन. स्वच्छतेला आमचा विरोध कसा असेल? पण फलाट झाडणे ही कंत्राटी सफाई कामगाराची भाकरी आहे. आम्ही तो फुकट झाडू लागलो तर उद्या कंत्राटदार दोन माणसे कमी करील आणि बोट आमच्याकडे दाखवील. म्हणून आम्ही स्वतःलाच कुंपण घातले: ज्या कामाचा कोणाला पगार मिळतो, किंवा मिळायला हवा, त्याला हात लावायचा नाही. फलाट, गटारे, शौचालये आमच्या यादीत नाहीत. वसाहतीमागची पडीक जमीन आणि ओढ्याचा काठ आहे. प्लास्टिक उचलावे की नाही यावर आमच्यात अजून वाद आहे. तूर्त ओढ्यातले तेवढे काढतो, आणि कुठे टाकायचे ते मुकादमाला विचारतो.

एका सकाळी सफाई कामगार भगिनीने आमच्याकडे पाहून विचारले, "तुम्हाला हातमोजे मिळाले, आम्हाला कधी?" आम्ही गप्प झालो. मोजे आम्ही वर्गणीतून घेतले होते. तिला ते कंत्राटदाराने द्यायला हवेत. तो प्रश्न आम्ही शाखेच्या बैठकीत मांडला, आणि प्रशासनाकडे जाणाऱ्या पत्रात तो आता पहिल्या क्रमांकावर आहे. झाडे लावायला गेलो नसतो तर ती आमच्याशी बोललीच नसती. युनियनची कामे सोडली असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

तर येत्या रविवारी, सकाळी साडेसहाला, वसाहतीच्या फाटकापाशी. रुळांच्या कडेने कोणी धावायचे नाही; रेल्वे कायद्याचे १४७ वे कलम आपण लोकांना दाखवतो, ते आपल्यालाही आहे. कडुनिंब, करंज आणि जांभळाची रोपे तयार आहेत. खुरपी घरून आणावी. कुदळी तीनच आहेत.